शूटिंग संपल्यावर: कोल्हापुरात बसून छोट्या फिल्मचं एडिटिंग आणि साउंड

कोल्हापूरला सिनेमा नवा नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथे उभी राहिली आणि १९३३ साली पुण्याला जाण्याआधी मराठीतला पहिला बोलपट तिने याच गावात केला. आजही इथली पोरं हौसेनं शॉर्ट फिल्म करतात, कॅमेरा चांगला चालवतात. पण दाखवायची वेळ आली की पाचव्या मिनिटाला प्रेक्षक शेजाऱ्याला विचारतो, ‘काय म्हणाला रे तो?’ तिथे फिल्म हातातून जाते. चित्र थोडं अंधारं असलं तर लोक सांभाळून घेतात. न कळलेला संवाद कुणी सांभाळून घेत नाही. म्हणून या लेखात एडिटिंग आणि साउंड अशी दोन कामं वेगळी धरलेली नाहीत. संवादाचा ट्रॅक कार्डावरून निघाल्यापासून थिएटरच्या मधल्या स्पीकरपर्यंत धडधाकट पोचवायचा, बाकी सगळं त्याच्याभोवती.

उदाहरणाला २० मिनिटांची फिल्म धरू. तालमीतला एक पोरगा, त्याचे वस्ताद, घरी आजी, शेवटी मैदानातली कुस्ती. साउंड वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला.

लोकेशन सोडण्याआधी

प्रत्येक जागेचा एक मिनिटाचा रूम टोन घ्या. सगळे जागेवर उभे, लाइट चालू, माइक तिथेच, गेन (रेकॉर्डिंगची पातळी) तोच, फक्त कुणी बोलायचं नाही. संवादांमधल्या फटी भरायला हाच रिकामा आवाज लागतो. दुसऱ्या दिवशी जाऊन घेतलेला जुळत नाही, कारण फ्रिज, पंखा, रस्त्यावरची वर्दळ सगळं बदललेलं असतं.

ज्या ओळीवर हॉर्न आला, ती ओळ शॉट झाल्या झाल्या, कॅमेरा बंद ठेवून, त्याच नटाकडून त्याच जागी दोन-तीनदा म्हणवून घ्या. नट तेव्हा त्या सुरात असतो. महिन्याभराने डबिंगला आणल्यावर तो सूर मिळवायला तासभर जातो आणि तरी मिळेलच असं नाही. उसाच्या हंगामात मोठ्याने गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर ही इथली नेहमीची अडचण. संवादामागे गाणं शिरलं की प्रत्येक कटला ते तुटतं आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने ते स्वच्छ निघत नाही, शिवाय गाण्याच्या हक्काचा प्रश्न राहतोच. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबा.

कार्डावरून डिस्कवर

सेकंदाला १०० मेगाबिटवर शूट केलेलं फुटेज तासाला ४५ जीबी होतं. २० मिनिटांच्या फिल्मसाठी दहापट शूट केलं असेल तर साधारण १५० जीबी. याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर करा, तिसरी शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. कॉपी-पेस्ट करू नका. चेकसम तपासणाऱ्या, म्हणजे प्रत मूळ फाइलसारखीच आहे का ते पडताळणाऱ्या, सॉफ्टवेअरने कॉपी करा. साध्या कॉपीत मध्येच लाइट गेली किंवा केबल हलली तर फाइल दिसते खरी, पण आतून अर्धी असते आणि ते महिन्याने कळतं. दोन्ही प्रती तपासून झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, मग दिग्दर्शक कितीही घाई करू दे.

फोल्डरची रचना दिवस, कॅमेरा, कार्ड अशी. कॅमेऱ्याने दिलेली फाइलची नावं बदलू नका. फोल्डरची नावं रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोअर टाकून ठेवा. देवनागरी नावं तुमच्या मशीनवर चालतात, पण साउंडवाल्याकडे प्रोजेक्ट गेला की तिथे लिंक तुटू शकते.

डेस्कटॉपवर काम करत असाल तर यूपीएस हवाच. ऑटोसेव्ह पाच-दहा मिनिटांवर लावा आणि प्रोजेक्टची बॅकअप प्रत फुटेजच्या डिस्कवर न ठेवता वेगळीकडे ठेवा.

फ्रेम रेट आधी ठरवा

थिएटरात किंवा फेस्टिव्हलला दाखवायची शक्यता असेल तर सेकंदाला २४ फ्रेम. फक्त टीव्ही किंवा यूट्यूब असेल तर २५ चालतं. हे शूटिंगच्या आधीच ठरायला हवं, कारण २५ वर शूट केलेली फिल्म थिएटरसाठी २४ वर आणली की ती चार टक्के हळू चालते: २० मिनिटांची २० मिनिटं ५० सेकंद होते आणि आवाज सुमारे पाऊण सेमीटोन (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊणपट) खाली उतरतो. वस्तादांचा आवाज जाड झाला तर चालून जाईल, पण हार्मोनियम कानाला लगेच खटकतं. मग पिच वर उचलून दुरुस्त करावा लागतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे २४ वर शूट करताना शटर १/५० ठेवलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे येत नाहीत.

मोबाइलवर शूट केलेलं काही असेल तर ते आधी बाजूला काढा. बहुतेक फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत. प्रकाश कमी झाला की २४ चे २३.६ होतात. टाइमलाइनवर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले दिसतात, तीन मिनिटांनी सुटलेले. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेम रेट निवडून ते फुटेज बदलून घ्या आणि मगच प्रोजेक्टमध्ये आणा.

साउंड सगळीकडे ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह. एमपी३ कुठेही नको, तात्पुरतासुद्धा. तात्पुरता घातलेला शेवटपर्यंत राहतो.

मशीन साधं असेल तर ७२० च्या प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून कापा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या आकाराच्या फिल्मला पुरते आणि तिच्यात साउंडसाठी फेअरलाइट आहेच.

सिंक

सिंक म्हणजे चित्र आणि वेगळा घेतलेला आवाज जुळवणं. क्लॅपच्या दोन फळ्या ज्या फ्रेमला टेकतात ती फ्रेम आणि वेव्हफॉर्ममधला (आवाजाच्या आलेखातला) पहिला उभा काटा, हे दोन जुळवायचे. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं आणि बऱ्याचदा बरोबर करतं. तरी प्रत्येक टेक डोळ्याने तपासा: प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे थांबून फ्रेम-फ्रेमने पुढे जा. ‘आबा’ म्हणताना ओठ उघडण्याच्या क्षणी ‘ब’ फुटला पाहिजे. आवाज एक फ्रेम उशिरा आला तर चालून जातो, आधी आला तर खटकतो. आयुष्यभर लांबचा आवाज उशिरा ऐकायची कानाला सवय असते, आधी ऐकायची नसते. २४ च्या एका फ्रेममध्ये आवाज सुमारे १४ मीटर जातो, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वाजवलेला क्लॅप कॅमेऱ्याच्या माइकवर दोन-तीन फ्रेम उशिरा पोचलेला असतो. अशा टेकला कॅमेऱ्याच्या आवाजावरून केलेलं ऑटो सिंक चुकतं.

कुस्तीचा सलग लांब टेक असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्हीकडे तपासा. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभरात दीड-दोन फ्रेमचा फरक सहज पडतो. टेक मधल्या शांत जागेवर कापून पुढचा तुकडा पुन्हा जुळवला की काम होतं. आवाज ताणत बसू नका.

बूम (दांड्यावरचा माइक) आणि कॉलर माइकचे वेगवेगळे ट्रॅक सगळे क्लिपला जोडलेले राहू द्या. कापताना मिक्स ट्रॅक (सगळे माइक एकत्र केलेला) ऐका, पण बाकीचे फेकू नका.

कापणं

आधी सगळे रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, बघा, निवडलेल्या टेकना खूण करा, मग पटकथेच्या क्रमाने सगळं लांबसडक मांडून घ्या. २० मिनिटांच्या फिल्मची ही पहिली मांडणी अर्ध्या तासाला गेली तर घाबरायचं कारण नाही. पहिला कट पूर्ण होईपर्यंत संगीत लावू नका, याबाबत आम्ही हट्टी आहोत. संगीताखाली ढिला सीनही चालतो आहे असं वाटतं. ते काढल्यावर कळतं की आजी आणि पोराच्या सीनमध्ये चार ओळी उगाच होत्या.

संवादाच्या सीनमध्ये बोलणाऱ्याच्या तोंडावरच कट मारत गेलात तर टेबल टेनिस होतं. ऐकणाऱ्यावर जा. आजी स्वयंपाकघरातून ‘जेवलास का रं?’ म्हणते, ती ओळ पोराच्या चेहऱ्यावर सुरू होऊ दे आणि आठ-दहा फ्रेमनंतर आजी दिसू दे. आवाज आधी, चित्र नंतर, हा जे कट. उलटं, पोराचं उत्तर आजीच्या चेहऱ्यावर संपू दे, हा एल कट. यांनी दोन शॉटमधला जोड झाकला जातो आणि बघणाऱ्याचं मन बोलण्यावर राहतं.

इथल्या बोलीसाठी एक खास सूचना. वाक्याचं शेपूट हलकं असतं: ‘आलंय’, ‘जातोय’, ‘व्हय की’ यातला शेवटचा स्वर श्वासात विरतो. वेव्हफॉर्म बघून कापणाऱ्याला तिथे जवळपास सपाट रेषा दिसते आणि तो छाटतो. मग ‘आलंय’चं ‘आलं’ होतं, माणूस तोडून बोलतोय असं वाटतं आणि बोलीचा गोडवा जातो. कान लावून कापा, शेवटी चार-सहा फ्रेम जास्तच ठेवा.

कुस्तीचा सीन. हालचालीवर कट मारताना पहिल्या शॉटमध्ये हालचालीचा सुरुवातीचा एक-तृतीयांश हिस्सा, उरलेली दुसऱ्या शॉटमध्ये. पोरगा एकेरी पट काढायला वाकला, हात पायाकडे निघाला, तिथे कट; पुढच्या खालच्या कोनातल्या शॉटमध्ये हात पायाला भिडतोच आहे. दोन्ही शॉटमध्ये एक-दोन फ्रेमची हालचाल पुन्हा आली तर बिघडत नाही, उलट डोळ्याला नवी चौकट ओळखायला तेवढा वेळ लागतो. धोबीपछाडीसारख्या डावात पाठ मातीला टेकते त्या फ्रेमवर कट कधीच नको. तीन-चार फ्रेम आधी कट मारा, म्हणजे बघणाऱ्याची नजर नव्या शॉटमध्ये स्थिरावलेली असताना आदळणं दिसतं. नेमका आदळण्यावर मारलेला कट ते आदळणंच गिळून टाकतो आणि मग साउंडवाल्याला कितीही मोठा धप्पा घालायला सांगा, जोर येत नाही.

लॉक म्हणजे लॉक

दिग्दर्शक, निर्माता, एडिटर तिघांनी एकत्र बसून फिल्म शेवटपर्यंत बघायची आणि लॉक, म्हणजे आता चित्रात बदल नाही, असं म्हणायचं. त्यानंतर अर्धा सेकंद काढला तरी पुढचा प्रत्येक पायरव, प्रत्येक संगीताचा तुकडा १२ फ्रेमने सरकतो. बदल टाळता येणारच नसेल तर काढलेल्या शॉटच्या जागी तेवढ्याच लांबीचा दुसरा शॉट घाला.

साउंडकडे द्यायचं ते असं. फिल्म टाइमलाइनवर ०१:००:००:०० ला (तास, मिनिट, सेकंद, फ्रेम) सुरू. त्याच्या दोन सेकंद आधी, ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमचा बीप आणि त्याच फ्रेमवर पांढरं चित्र. फिल्म संपल्यावर दोन सेकंदांनी आणखी एक. एएएफ फाइल (टाइमलाइनवरचा आवाज दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी), प्रत्येक क्लिपला दोन्ही बाजूंना किमान पाच सेकंदांचे हँडल (कटच्या पलीकडचा जादा आवाज), सगळे माइकचे ट्रॅक आत. टाइमकोड छापलेला व्हिडिओ आणि त्यात एडिटचा कच्चा आवाज. ट्रॅक स्वच्छ लावलेले: संवाद वर, मग इफेक्ट, मग संगीत. एडिट करताना लावलेले इक्वलायझर, नॉइज रिडक्शन काढून टाका. साउंडवाल्याला कच्चा माल हवा असतो.

साउंडच्या मशीनवर एएएफ उघडल्यावर पहिलं काम: कच्चा आवाज आणि एएएफ एकाच वेळी वाजवा. आवाज एकजीव किंवा किंचित पोकळ वाटला तर जागेवर आहे. दुहेरी, पडसादासारखा ऐकू आला तर एक-दोन फ्रेमची चूक आहे. ती आत्ताच शोधा.

संवादाचं एडिटिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बजेट अपुरं असेल तर संगीतातून कापा, इथून नको.

बूम की कॉलर माइक, ते प्रत्येक ओळीला ठरवा. बूममध्ये माणूस खोलीत आहे असं वाटतं, म्हणून शक्य तिथे बूम. रस्त्याचा गोंगाट असेल किंवा शॉट लांबचा असेल तर कॉलर. दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवू नका. कॉलर माइक तोंडाजवळ आणि बूम त्याहून पावणेदोन मीटर लांब असेल तर तोच आवाज बूमवर पाच मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही मिसळले की १००, ३००, ५०० हर्ट्‌झला खड्डे पडतात आणि माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. दोन्ही हवेच असतील तर एक ट्रॅक सरकवून काटे जुळवा आणि एकाला दुसऱ्यापेक्षा बराच खाली ठेवा.

मग ओळी ट्रॅकवर वाटा. एका सीनमध्ये आजीच्या बाजूच्या शॉटचा आवाज एका ट्रॅकवर, पोराच्या बाजूच्या शॉटचा दुसऱ्यावर, कारण दोन्हींचा मागचा आवाज वेगळा असतो. हँडल ओढून प्रत्येक ओळीच्या आधी-नंतर तिचाच रूम टोन वाढवा आणि दोन ओळींच्या मध्ये अर्ध्या-एक सेकंदाचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत असताना दुसरा चढवणं) द्या. मागचा आवाज कटवर बदलला की जोड ऐकू येतो, हळू बदलला की येत नाही. ओळींच्या आत जोड मारायचा असेल तर एक-दोन फ्रेमचा क्रॉसफेड पुरतो आणि तो स, श, क, त अशा खरखरीत अक्षरांवर लपतो. लांब स्वराच्या मध्ये जोड मारला तर उडी ऐकू येते.

खराब शब्द दुसऱ्या टेकमधून आणता येतो, पुष्कळदा नुसतं एक अक्षर. ‘मैदान’मधल्या ‘दा’वर कुकरची शिट्टी आली असेल तर न घेतलेल्या टेकमधला ‘दा’ काढून बसवा. हे किचकट काम आहे, पण डबिंगपेक्षा नेहमी बरं, कारण जागा तीच, माइक तोच, माणूस त्याच सुरात.

चप्पलचा पायरव, भांड्याचा आवाज असे संवादाच्या ट्रॅकमध्ये आलेले चांगले आवाज कापून वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. पुढे दुसऱ्या भाषेत डब करायची वेळ आली तर संवाद बंद केल्यावरही ते उरतात.

आता सफाई. पुरुषी आवाजाला ८० हर्ट्‌झखालचं कापा, बायकांच्या आवाजाला १०० पर्यंत जाता येतं. त्यापुढे गेलात की आवाजाचं अंग जातं. विजेची घरघर ५० ला असते आणि तिची पिल्लं १००, १५०, २०० ला, त्यामुळे तेवढ्याच जागी अरुंद नॉच, म्हणजे नेमकी तेवढीच पट्टी कापणारा फिल्टर. नॉइज रिडक्शन एका वेळी ६ डीबीच्या वर सहसा नेऊ नका. जास्त केलं की पाण्याखाली बुडबुडे आल्यासारखा आवाज येतो, आणि तो मूळ पंख्याच्या आवाजापेक्षा वाईट. सगळा पंखा काढायचा अट्टहास कशाला? पंखा अखंड, एकसारखा राहिला तर दोन मिनिटांत कान त्याला विसरतो.

लेव्हल कंप्रेसरने (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाने) नाही, आधी क्लिपच्या गेनने सारखी करा, ओळीओळीला, कधी शब्दाशब्दाला. वस्ताद ओरडतात आणि पोरगा पुटपुटतो, ते अंतर हाताने कमी करायचं. त्यानंतर हलका कंप्रेसर, २:१ किंवा ३:१, तीन-चार डीबीपेक्षा जास्त दाबणार नाही असा. स, श, च टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात डी-एसर.

डबिंग टळत नसेल तर

लोकेशनवर जो माइक होता तोच वापरा आणि तोंडापासूनचं अंतरही जुळवा. बूमची ओळ असेल तर अर्धा मीटर, किंचित वरून. माइक ओठाला लावून रेकॉर्ड केलेली ओळ रेडिओच्या जाहिरातीसारखी वाटते. घरातल्या खोलीत करत असाल तर वाकळा, गाद्या नटाच्या पाठीमागे टांगा, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. नट लोकेशनवर चालत होता तर इथेही उभं राहून जागेवर पावलं टाकू दे. खुर्चीत बसून धाप येत नाही. कुस्तीतला हुंकार तर अंगाला अंग लावूनच रेकॉर्ड करा. आणि बाहेरच्या नटाच्या तोंडी कोल्हापुरी बोली असेल तर बोलीचा माणूस डबिंगला शेजारी बसवा. ओळ सिंकमध्ये बसली आणि हेल पुण्याचा निघाला तर इथला प्रेक्षक त्या पात्रावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

फोली आणि आजूबाजूचे आवाज

लोकेशनवर माइक तोंडाकडे असतो, त्यामुळे हातापायाचे आवाज बारीक येतात. ते चित्र बघत पुन्हा करायचे, यालाच फोली म्हणतात. आधी सगळ्या फिल्मचे पाय, मग कपडे, मग वस्तू, या क्रमाने केलं तर हात लवकर बसतो.

पात्राच्या पायात करकरणारी कोल्हापुरी असेल तर ती करकर म्हणजे त्याची ओळख. नवी जोडी घ्या, फरशीवर चाला, माइक गुडघ्याच्या उंचीवर एक मीटर लांब. करकर टाच उचलताना येते, टेकताना नाही, हे चित्राशी जुळवा. पण दर पावलाला सारख्या जोराची करकर नको; वळताना, थांबताना जास्त, सरळ चालताना कमी.

आखाड्याची लाल माती मऊ आणि ओलसर, तिच्यावर पावलं जवळजवळ वाजत नाहीत. त्यामुळे आदळण्याचा आवाज खरा रेकॉर्ड केला तर निराशा होते. तो थरांनी बांधा. पहिला थर कातडीचा: ओल्या हाताने मांडीवर चापट, बरोबर टेकण्याच्या फ्रेमवर. दुसरा वजनाचा: मातीने भरलेलं पोतं कमरेच्या उंचीवरून ओलसर मातीवर सोडलेलं, एक फ्रेम मागे. तिसरा मूठभर माती उधळल्याचा, त्याहून दोन-तीन फ्रेम मागे आणि बारीक. वर श्वास सुटल्याचा ‘हं’. पहिल्याच पाडावाला सगळे थर पूर्ण जोराने लावलेत तर शेवटच्या निकाली डावाला काही उरत नाही, म्हणून सुरुवातीला वजनाचा थर दाबून ठेवा. शड्डू मात्र खऱ्या पैलवानाकडूनच घ्या. त्या दंडाचा आणि मांडीचा भरीव आवाज दुसऱ्या कशाने येत नाही. मोकळ्या जागी, एक-दीड मीटरवरून, खोली टाळून. खोलीचा घुमारा एकदा आत आला की मैदानात बसत नाही.

हलगी रेकॉर्ड करताना दोन-तीन मीटर लांब उभे राहा आणि काटा उणे १२ डीबीच्या वर जाणार नाही असा गेन ठेवा. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. माइकमध्येच आवाज फुटला तर रेकॉर्डर काही वाचवू शकत नाही.

जागेचे आवाज दोन थरांत. खाली अखंड पट्टा: रंकाळ्याची सकाळ, उसाच्या रानातला वारा, पेठेतली दुपार. किमान तीन-चार मिनिटं घ्या, वाऱ्यासाठी माइकवर केसाळ कव्हर घाला. वर सुटे आवाज: सायकलची घंटी, कुत्रं, लांबची आरती. एक मिनिटाचा पट्टा फिरवत ठेवला तर तोच कावळा दर मिनिटाला ओरडतो आणि तिसऱ्यांदा लोकांच्या लक्षात येतो. भूगोलही सांभाळा. तालीम ज्या पेठेत दाखवली आहे तिथे अंबाबाईच्या देवळातली घंटा खरोखर ऐकू येते का, ते जाऊन ऐका. कोल्हापूर म्हणून घंटा घातली तर कोल्हापूरचाच माणूस हसतो.

संगीताबद्दल एवढंच: जुनी लावणी, जुना पोवाडा म्हणजे फुकट असं समजू नका. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो आणि शब्द-चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. परवानगी लेखी घ्या, मिक्सच्या आधी.

मिक्स

आधी खोली मोजा. उणे २० डीबीचा पिंक नॉइज (चाचणीचा सलग ‘श्श्’ असा आवाज) एका वेळी एका स्पीकरमधून सोडा, आणि बसण्याच्या जागी आवाज मोजायचा मीटर ‘सी’ आणि ‘स्लो’ या सेटिंगवर ठेवून छोट्या खोलीत ७६ ते ७९ डीबी मिळेल अशी बटणं लावा. मग त्या बटणांना हात लावायचा नाही. थिएटरात हाच आकडा ८५ असतो. लेव्हल स्थिर ठेवली की कान स्वतःच सांगतो काय मोठं झालं; रोज बटण फिरवत बसलात तर सोमवारचा मिक्स आणि गुरुवारचा मिक्स दोन वेगळ्या फिल्मचे होतात.

संवाद पहिला, एकटा, शेवटपर्यंत. तो बसला की त्याला न हलवता बाकीचं त्याच्याखाली आणा. संगीत आणि संवाद भांडत असतील तर संवाद वर ढकलू नका. संगीतातून २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास दोन-तीन डीबी कमी करा, व्यंजनं तिथेच असतात. मैदानातल्या सीनमध्ये हलगी, गर्दी, निवेदक आणि वस्तादांची हाक सगळं एकदम पूर्ण वाजलं तर नुसता गलका होतो. एका क्षणी एकालाच पुढे ठेवा. हाक येण्याआधी अर्धा सेकंद गर्दी हळूच खाली घ्या, कुणाच्या लक्षात येत नाही आणि हाक स्वच्छ लागते.

थिएटरच्या मिक्समध्ये संवाद सरासरी उणे २७ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास बसतो. यूट्यूब उणे १४ पेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, पण बारका असेल तर सहसा वर उचलत नाही. म्हणून यूट्यूबसाठी वेगळी प्रत उणे १६ ते उणे १४ वर, खरा शिखरबिंदू (ट्रू पीक) उणे १ डीबीच्या आत. थिएटरची प्रत तशीच यूट्यूबवर टाकलीत तर फोनवर वस्ताद कुजबुजतात.

५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) शेवटचा मिक्स मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत जाऊन करायचा असेल तर संवाद, फोली, जागेचे आवाज, संगीत असे वेगवेगळे प्रीमिक्स इथूनच तयार करून न्या. मोठ्या खोलीचं भाडं तासाने असतं. तिथे बसून खोकला शोधायचा नाही. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरमध्ये, बाजूच्या स्पीकरमध्ये गर्दी आणि वारा. एक हलगी मागच्या भिंतीवर टाकायचा मोह होतो, पण प्रेक्षक मान वळवतो आणि कुस्ती तेवढी सुटते.

पाठवण्याआधी

डीसीपी (थिएटरात दाखवायच्या फाइलचा संच) करताना चॅनलचा क्रम तपासा: डावा, उजवा, मधला, सबवूफर, डावा मागचा, उजवा मागचा. काही सॉफ्टवेअर डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी सबवूफर असा क्रम देतात. तो तसाच गेला तर सगळे संवाद उजव्या कोपऱ्यातून येतात. सहा स्पीकरवर एकेक करून ‘डावा’, ‘उजवा’ असं बोललेली चाचणी फाइल बनवा आणि ती आधी वाजवा.

मग तयार फाइल, टाइमलाइन नव्हे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता बघा. एकदा हेडफोनवर, एकदा घरच्या टीव्हीवर, जमलं तर एखाद्या थिएटरच्या मालकाला विनंती करून सकाळच्या पहिल्या शोआधी. दोन शॉटमध्ये राहून गेलेली एका फ्रेमची चकाकी, काळी फ्रेम, अर्धवट क्रॉसफेड, शेवटच्या नावांवर अचानक तुटलेलं संगीत, हे सगळं इथेच सापडतं.

जपून ठेवायच्या फाइल: पूर्ण मिक्स, संवाद वेगळा, संगीत वेगळं, इफेक्ट वेगळे, आणि संवाद वगळून बाकीचा सगळा मिक्स, सगळे वेव्हमध्ये, सगळ्यांवर तोच सुरुवातीचा बीप. सेन्सॉरने वस्तादांच्या तोंडची एक शिवी काढायला सांगितली तर संवादाच्या फाइलमध्ये तेवढाच शब्द बंद करता येतो, मागची हलगी आणि गर्दी चालू राहते. नुसता पूर्ण मिक्स हाताशी असेल तर त्या शब्दाबरोबर अख्खं मैदान गप्प करावं लागतं.